मंगसुळी पान्हा चोरते

१२ मे

वरदने आज सकाळी मोबाईलवर चित्र पाठवलं. उगवता सूर्य, त्याच्यासमोर एक हत्ती आणि खाली 'प्राण्यांकडून जगायला शिका'. कुत्र्याकडून निष्ठा घ्या, मुंगीकडून कष्ट घ्या, घ्या घ्या घ्या. स्वतःच्या आईचं तेरावं होऊन जेमतेम आठवडा झाला आणि हा मुलगा पुण्यात बसून आत्याला हत्ती पाठवतो.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरसुद्धा रोज सकाळी एक प्राणी घेऊन यायच्या आणि त्याच्या गळ्यात एक सद्गुण बांधायच्या. मला तेव्हाही त्या प्राण्यांची दया यायची.

मी वरदला उत्तर पाठवलं, 'तुमच्या गोठ्यात एक म्हैस आहे. ती सध्या कुणाला काही शिकवण्याच्या मनःस्थितीत नाही.'

खरंच नाही. मंगसुळी पान्हा चोरते आहे. कास भरून तट्ट, पण सडाला हात लागला की दूध वर ओढून घेते आणि लाथ झाडते. तिचं रेडकू हिवाळ्यात दगावलं. तेव्हापासून ती एका वहिनीच्याच हाताला दूध द्यायची. वहिनी मिरजेच्या दवाखान्यात दोन दिवस होती आणि तिसऱ्या दिवशी गेली. हृदय बंद पडलं. "आधी काही त्रास होता का?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तिचा नवरा, माझा भाऊ अण्णा, फरशीकडे बघत होता. शेवटी मीच म्हटलं, "नव्हता. ती कधी काही बोलायचीच नाही."

तेराव्यापर्यंत शेजारच्या मेहरुनबीने कशीबशी धार काढली. आता तिच्याही हाताला म्हैस दाद देत नाही.

मी तेराव्यानंतर सांगलीला परतणार होते. वहिनीची कपाटं तेवढी आवरून द्यावीत म्हणून थांबले. परवा निघते.

१३ मे

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. दूध असंच तुंबलं तर कासेला दगडी होईल, आधी सड जातील आणि मग म्हैस जाईल म्हणाले. दोन वेळा धार निघालीच पाहिजे. कशी काढायची, ते बहुधा त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

मग वरदचा फोन. "आत्या, इंजेक्शन मिळतं. टोचलं की पाच मिनिटांत सोडते."

"मिळतं हे मला माहीत आहे. बेकायदा आहे हेही माहीत आहे. तुझ्या आईने कधी टोचलं होतं?"

"मग विकून टाका. जरा प्रॅक्टिकल व्हा तुम्ही."

अण्णा शेजारीच होता. मला वाटलं, आता चिडेल. चार वर्षांपूर्वी ही म्हैस त्याने स्वतः मंगसुळीहून आणली, म्हणून तर हे नाव. येताना मिरजेपर्यंत टेम्पोच्या हौद्यात तिच्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "इकू या." बस, एवढंच. नानासोंना फोनही त्यानेच लावला.

नानासो म्हणजे जनावरांचे दलाल. स्वच्छ टोपी, मऊ आवाज. दूध न देणारी म्हैस त्यांच्या टेम्पोतून पुढे कुठे जाते ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी विचारत नाही. ते मंगळवारी येणार आहेत.

मी अण्णाला म्हटलं, "मंगळवारपर्यंत तिने दूध दिलं तर विकायची नाही. कबूल?" तो काही बोलला नाही. मी ते कबूल धरलं.

धार मला काढता येते. मावशीने सांगलीला नेऊन इंग्रजी शाळेत घातलं त्याआधी मी याच गोठ्यात आईजवळ बसून शिकले होते. अण्णालाही येते. पण वहिनी गेल्यापासून तो गोठ्याची पायरी चढलेला नाही. गुडघा धरतो म्हणे. शेतात जाताना मात्र तो गुडघा धरत नाही.

१४ मे

आज मी जे केलं ते टेलिफोन एक्स्चेंजमधल्या कुणी पाहिलं नाही, हे फार बरं झालं.

सकाळी मेहरुनबी म्हणाली, "आवं हेमाताई, वैनीचं लुगडं नेसून बसा की. जनावर वासावर असतंय."

"लुगडं आता कुठलं? सगळी तुलाच दिली ना वाकळेला?"

मेहरुनबी वाकळा शिवते. जुनी लुगडी एकावर एक पसरून त्यांची गोधडी. वहिनीच्या लुगड्यांची एक वाकळ वरदच्या मुलीला, ओवीला द्यावी, ही कल्पना माझीच. आणि वेळेवर सुचलेली कल्पना होती, यात मला अजूनही काही चूक दिसत नाही.

"गोठ्यातलं हिरवं बी दिलंसा?" तिने विचारलं.

"तेही दिलं. शेणाचे डाग होते, म्हणून आत घाल म्हटलं होतं."

ती कपाळाला हात लावून बसली आणि मग हसायलाच लागली. "ते तर पोटात घातलं. दोनी अंगांनी टाकं बी झालं. उसवायचं तर परवा होईल."

परवापर्यंत कास थांबणार नव्हती. तेव्हा आज संध्याकाळी, मे महिन्याच्या उकाड्यात, सांगली टेलिफोनची निवृत्त सुपरवायझर अर्धवट शिवलेली वाकळ पांघरून म्हशीखाली बसली. एका कोपऱ्याला सुई तशीच लोंबत होती.

दारातून मेहरुनबी म्हणाली, "इंग्रजी शाळंतल्या बाया अशाच धारा काढत्यात व्हय?"

"आमच्यात आधी सुई काढतात. ये आणि काढ."

मंगसुळीने मान वळवली. वाकळेचा काठ हुंगला, मग चाटला. बराच वेळ चाटत राहिली. आणि तिने सोडलं. चरवीचा तळ झाकेल एवढंच, पण सोडलं. माझे डोळे चुरचुरत होते. वाकळेत घाम फार येतो.

१५ मे

सकाळी तिने वाकळ हुंगली, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. काल फसली, आज फसणार नव्हती. नडगीवर लाथ बसली आहे, निळं झालं आहे.

आता गावभर सल्ले. सगळ्यांचा सूर एकच, गोड बोला. वैनी कशी गोड माणूस, कधी आवाज चढला न्हाई, तसं बोला. मग मी गोड बोलले. गोड बोलण्याचा पगार मी जन्मभर घेतला आहे. कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं की बाईचा आवाज खोलीबाहेर जाऊ नये, आणि एक्स्चेंजमध्ये तोच आवाज कानाला यंत्र लावून विकला. तोच मी म्हशीला लावला. "काय गं, काय झालं, दे बरं थोडं." तिने शेपटीने माझा चष्मा उडवला.

दुसरी कटकट खुर्चीची. गोठ्याच्या मागच्या भिंतीला शेवग्याची सावली असते, तिथे अण्णाची लोखंडी खुर्ची कायम असायची. संध्याकाळचा चहा तो तिथेच घ्यायचा. ती आता ओसरीत उन्हात आणून ठेवली आहे. मी दुपारी उचलून परत सावलीत नेली. तासाभराने बघते तर पुन्हा ओसरीत. मी विचारलं, "उन्हात बसायची हौस आहे का?"

"असू दे हितंच."

"अरे पण सावली तिकडे आहे."

"हेमे, खुर्चीला हात लावू नगंस."

माझ्यावर आवाज चढवला. खुर्चीवरून. बायको गेल्यावर पुरुष असे विचित्र होतात, असं एक्स्चेंजमधल्या बायका सांगायच्या.

१६ मे

शेक दिला. एक सड गरम लागतो आहे. जबरदस्तीने पिळलं तेव्हा चार थेंब आले आणि त्यात तांबूस झाक होती.

आजही सांगलीला जाणं झालं नाही.

१७ मे

संध्याकाळी मेहरुनबी बाजाराला गेली होती. घरात अण्णा, गोठ्यात आम्ही दोघी. मी वाकळही घेतली नव्हती. हात धुतले, भिजवलेल्या पेंडीचं आंबोण पुढे ठेवलं, गोड आवाज लावला, बसले. तिने लाथेने चरवी भिंतीवर घातली.

आणि मग माझं डोकं फिरलं. आठवेल तसं लिहिते.

"स्वतःला समजतेस कोण गं तू? गेली ती. मेली. मिरजेला नाकात नळी घालून मेली. तुला सांगून नाही गेली ना? मलाही नाही गेली. दर रविवारी फोन करायचे मी. कशा आहात वन्सं? बरी आहे. तू कशी आहेस? मी काय, बरीच. वर्षानुवर्षं बरीच, आणि एका मंगळवारी खलास. असं कुणी बरं असतं का? चांगली दणकून आजारी पडली असतीस तर आले असते की मी, काय काम होतं मला? भिंतींकडे बघत बसते दिवसभर. आणि तू, तुला तुझं दुःख मिरवायला कास तरी आहे, मी काय तुंबवून दाखवू?"

असं बरंच. काही शब्द असे होते जे सिस्टरना कळले नसते आणि मला कुठून आले ते मला कळलं नाही. बोलता बोलता मी चरवी उचलून पुन्हा खाली धरली होती, हात आपोआप चालू होते. आवाजाकडे माझं लक्षच नव्हतं. गप्प झाले तेव्हा ऐकू आला. धारेचा. फेस काठापर्यंत आला होता आणि मंगसुळी डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती.

मी वर पाहिलं तर अण्णा अंगणाच्या कोपऱ्यात उभा. आत आला नाही. त्याचा चेहरा मला नीट दिसला नाही.

"अशीच," तो म्हणाला. "अशीच बोलायची ती."

"कोण?"

"तुजी वैनी."

"वहिनी? तिचा आवाज मी कधी ऐकला नाही."

"घरात न्हाई. हितं."

१८ मे

दोन्ही वेळा पूर्ण दूध. सड निवला. मेहरुनबीला सांगितलं तर म्हणाली, "शिव्या खाऊन दूध देत्या, म्हंजी हिचं बी लगीनच झालंय म्हणायचं."

पण मला दूध गोड लागलं नाही. जेवताना मी अण्णाला खोदून खोदून विचारलं. वहिनी रोज संध्याकाळी धार काढताना म्हशीला सगळं सांगायची म्हणे. या म्हशीच्या आधीच्या म्हशीला, त्याच्या आधीच्या म्हशीलाही. सासूला शिव्या, अण्णाला शिव्या, वरदच्या बायकोला, ग्रामपंचायतीला.

"आणि मला?"

"तुला लय."

"काय म्हणायची?"

अण्णाने भाकरी मोडली. बऱ्याच दिवसांनी त्याला हसू आलेलं दिसलं. "म्हणायची, वन्सं येत्यात आन् फळ्या आवरून जात्यात. माज्या घरात मला मीठ घावत न्हाई."

मिठाची बरणी गॅसच्या डावीकडे असायला हवी. उजवीकडे पातेल्याची वाफ लागते आणि मीठ ओलं होतं. हे मी तिला दरवेळी सांगितलं आहे आणि दरवेळी बरणी स्वतः डावीकडे ठेवून दिली आहे. ती "व्हय वन्सं" म्हणायची. एकदाही नाही म्हणाली नाही.

"आणखी?"

"म्हणायची, एकली पडलीया पर सांगायची न्हाई. मेली ताठ."

हे खोटं आहे. सांगलीला विश्रामबागेत माझ्या मजल्यावर चार बिऱ्हाडं आहेत.

मग मला सुचलं. "पण हे सगळं तुला कसं माहीत?"

"आयकू येतंय की. खुर्चीत."

म्हणजे हा माणूस लग्न झाल्यापासून रोज भिंतीला पाठ लावून, चहा पीत, रेडिओ ऐकावा तशी बायको ऐकत होता. मी म्हटलं, "मग तू कधी तिला उत्तर दिलंस?"

"मला कुटं सांगत हुती ती."

"शेवटी शेवटी काय बोलायची?"

"उनाचं कायतरी," अण्णा म्हणाला आणि अर्धं ताट टाकून उठला. हल्ली त्याचं पोट बिघडलेलं दिसतं. मी बडीशेपेचं पाणी करून दिलं.

१९ मे

रविवार. फोन करायला कुणी नव्हतं. मंगसुळीला मीठ आणि वाफ यांबद्दल सविस्तर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दोन तांबे जास्त दूध दिलं. मला एवढं कुणी ऐकून घेतल्याचं आठवत नाही.

वरदने पुन्हा काहीतरी पाठवलं, या वेळी गरुड. या लोकांना वाटतं जनावरं चांगली वागतात. मंगसुळी चांगली अजिबात नाही. हट्टी आहे, मारकी आहे, खोटं दुःख किंवा खोटी माया ती एक घोटभरही चालवून घेत नाही. वहिनीला तिच्यापाशी 'व्हय वन्सं' म्हणावं लागत नव्हतं, एवढाच काय तो तिचा सद्गुण.

२० मे

सकाळी मी अण्णाला म्हटलं, "नानासोंना फोन कर, येऊ नका म्हणून."

"येऊ दे त्याला."

"अरे, ती दूध देते आहे."

"देऊ दे."

"तू कबूल केलं होतंस."

"मी काय बी कबूल केलं न्हाई. तू केलंस."

मी मग तोंड सोडलं. म्हटलं, वहिनीची एवढी एक जिवंत गोष्ट उरली आहे, ती तू कसायाच्या वाटेला लावतोस, दगड आहेस. तो उभा राहून ऐकत होता. मग म्हणाला, "दुधाचं न्हाई हेमे. मला ती दारात नगं."

"का?"

"नगं."

कारण विचारलं तर बाहेर निघून गेला. मला हा माणूस कळत नाही. म्हशीने याचं काय वाकडं केलं आहे? रागाच्या भरात मी ती खुर्ची उचलली आणि मागच्या भिंतीशी नेऊन आपटली. बस म्हणावं आता उन्हात, उभ्याने.

बॅग भरली आहे. मंगसुळी गेली की त्याच दुपारी मी निघणार. या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

२१ मे

सकाळी लवकर उठले. शेवटची धार माझ्या हाताची असावी म्हणून. चहा केला, कप घेऊन मागच्या अंगाने निघाले, तर गोठ्याचं दार उघडं. अण्णा आत. मला वाटलं दावं सोडतोय. त्याचं होईपर्यंत थांबू म्हणून खुर्चीत बसले. भिंतीत मानेच्या उंचीवर एक वीट निघालेली आहे. तिथून सगळं ऐकू येतं. अगदी शेजारी बसल्यासारखं.

तो मंगसुळीशी बोलत होता.

"संक्रांतीला सांगितलं तिनं तुला. छातीत कळ येत्या म्हणाली, हात जड हुतोय. मी हितंच बाहीर हुतो. म्हटलं, सांगंल मला. जेवताना सांगंल. वाट बघितली. शिमग्याला परत तेच. मी इचारलं असतं तर तिला कळलं असतं, म्या आयकतोय म्हणून. मग हितंबी गप झाली असती ती. तिला बोलायला दुसरं काय हुतं." मग पाठ थोपटल्याचा आवाज आला. "तू काय, मुकं जनावर. मला तोंड हुतं. आता अशी बघू नगंस माज्याकडं. दारासमोरनं जाताना रोज बघत्यास. म्हणून देतोय तुला. दुसरं काय न्हाई."

माझा चहा निवला होता.

एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी आम्हाला शिकवलं होतं, कानावर जे पडेल ते तिथेच ठेवून उठायचं. मी तीस वर्षं तसंच केलं. लोकांची लग्नं मोडलेली ऐकली, माणसं गेल्याची ऐकली, आणि डबा उघडून जेवले. आजही करता आलं असतं. स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायची, तो बाहेर आला असता, मी म्हटलं असतं चहा घे, तो म्हणाला असता दे. मी दुपारी सांगलीला गेले असते आणि रविवारी फोन केला असता. कसा आहेस? बरा हाय. तू? मी बरीच.

मी उठले. खुर्ची दगडावर करकरली. वळसा घालून दारातून आत गेले.

तो म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, माझ्याकडे पाठ करून उभा होता.

"अण्णा, मी ऐकलं."

तो वळला नाही. मंगसुळीने मात्र मान वळवली.

"सगळं ऐकलं. आता माझ्याकडे बघ आणि परत सांग."

वेळ लागला. पण सांगितलं. नंतर मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज मेहरुनबीच्या घरापर्यंत गेला असावा, कारण ती आली, दारातून आत पाहिलं, आणि ही बाई आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता परत गेली. मी रडले. तोही. म्हैस खात होती.

नानासोंचा टेम्पो आला तेव्हा अण्णाच पुढे गेला. "न्हाई द्यायची," म्हणाला.

"आवं अण्णा, ठरलंवतं की आपलं."

"ठरलंवतं."

नानासोंना चहा दिला. ते मऊ आवाजात बरंच काही बोलले आणि रिकामा टेम्पो घेऊन गेले.

बॅग अजून भरलेलीच आहे. संध्याकाळी धारेला बसले. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण मी लक्ष दिलं नाही. मंगसुळीला सांगत होते की मी गेल्यावर काहीही कर, पण मिठाची बरणी डावीकडेच राहू दे, उजवीकडे वाफ लागते.

भिंतीपलीकडून अण्णा म्हणाला, "उजवीकडंच. तिची जागा उजवीकडं हुती."

"ओलं होतं मीठ."

"हुऊ दे."

धार संपवून घरात आले, हात धुतले आणि बरणी उजवीकडे ठेवली.